कुरांतोची राखण

इथे जगाच्या दक्षिण टोकाला एप्रिल म्हणजे आमची पानगळ. डोंगरमाथ्यावरची लेंगाची झाडं आधी लाल होतात, मग तो लाल रंग रोज थोडा थोडा खाली उतरत तळ्याच्या काठाला येऊन टेकतो, आणि तो टेकला की पुएर्तो कोइवेच्या माणसांच्या अंगात उत्सव शिरतो. वर्षभर कुंपणाच्या एका खांबावरून एकमेकांची तोंडं न पाहणारे शेजारी त्या आठवड्यात एकाच होडीत बसून वल्ही मारतात. लाकूड फोडायच्या शर्यती होतात, घोड्यांवरून धबधब्यापर्यंत फेऱ्या निघतात. पाइनच्या बनात अळंबी शोधायला बायका टोपल्या घेऊन जातात आणि परत येताना टोपलीत अळंबीपेक्षा गावच्या बातम्याच जास्त असतात. राजधानीतून बसगाड्या भरून पाहुणे येतात. ते झाडांचे फोटो काढतात, झाडांपुढे स्वतःचे फोटो काढतात, आणि जुलैतला बर्फ न पाहताच म्हणतात, "इथे राहणारे किती नशीबवान!" आम्ही मान डोलावतो. आलेल्या माणसाला कशाला दुखवा?

उत्सवाचा शेवट रविवारच्या कुरांतोने, म्हणजे खड्ड्यात तापल्या दगडांवर मातीखाली शिजवलेल्या गावजेवणाने व्हायचा. गेल्या वर्षी तो झाला नाही. कुरांतो लावणारी एदेल्मिरा नेमकी त्याच आठवड्यात गेली, आणि चर्चमागच्या मैदानातला खड्डा वाऱ्याने उडालेल्या पानांनी भरून गेला. यंदा तो खड्डा पुन्हा पेटवायचा की नाही, हे तिच्या नवऱ्यावर अवलंबून होतं.

तिचा नवरा बेलार्मिनो ओयार्सो हा होडीवाला. साठी उलटलेला, अंगाने आडवा, बोलायला तुटक आणि डोक्याने गरम. उन्हाळ्यात मासे धरणाऱ्यांना तळ्यात न्यायचं आणि पानगळीत पाहुण्यांना पलीकडच्या काठावर. तिथे संध्याकाळ झाली की हरणांचे नर माद्यांसाठी डुरकत फिरतात, ते डुरकणं ऐकायला लोक लांबून येतात. कुरांतोचा जाळ आणि माती ही त्याची कामं, खड्ड्यात पानांचे थर लावून त्यांत मांस-भाज्या रचणं हे एदेल्मिराचं. इतकी वर्षं दोघांनी ते भांडत भांडत केलं आणि गावाने बोटं चाटत खाल्लं.

उत्सवाच्या आधी डोन्या एर्ना त्याच्या घरी आली. ही समितीची अध्यक्ष, म्हणजे काम ती एकटी करते आणि बाकीचे मतं देतात.

"मी बसायला आले नाहीये," असं म्हणत ती बसली आणि त्याने पुढे केलेला येर्बाचा कडू चहा नळीने ओढू लागली. "रविवारचं बोल."

"दुसरा कुणी बघा, डोन्या एर्ना."

"बघितलाय. शहरातला एक आहे. पत्र्याच्या पेटीत गॅसवर शिजवतो म्हणे, आणि वरून शोभेला माती टाकतो."

"शोभेला?"

"शोभेला. एदेल्मिराच्या खड्ड्यावर पेटी मांडणार. त्याला हो म्हणू का, तेवढं सांग, म्हणजे मी निघते."

बेलार्मिनोने चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाला, "पानं कोण लावणार?"

"एर्सिलिया."

"मग नाही."

"मग काय मी लावू? माझ्या हातचे उकडलेले बटाटे माझा कुत्रासुद्धा खात नाही, अख्ख्या गावाला ठाऊक आहे." एर्नाने भांडं खाली ठेवलं. "बेलार्मिनो, वर्ष झालं आता. ती तुझी मेहुणी आहे. दोघंही एकाच बाईसाठी रडताय आणि एकमेकांकडे पाठ करून रडताय. मला तर बाई याचं हसू येतं, आणि हसल्यावर वाईट वाटतं."

एर्सिलिया ही एदेल्मिराची थोरली बहीण. तिचं आणि बेलार्मिनोचं काय बिनसलं होतं, ते गावात सगळ्यांना माहीत होतं, पण तोंडावर कुणी काढत नसे.

एदेल्मिराचं हृदय बरेच दिवस रडतखडत चाललं होतं. तरी गेल्या पानगळीत तिनेच बेलार्मिनोला पाहुण्यांबरोबर पलीकडे पिटाळलं. "जा तू. घरात बसून माझे श्वास मोजू नकोस, मला गुदमरायला होतं," म्हणाली. तो गेला. गेला आणि पश्चिमेचा वारा उठला. आमच्या तळ्यावर तो वारा उठला की लाटा पांढऱ्या होतात, होड्या ओढून वर घेतात आणि माणसं गप घरात बसतात. वारा काही केल्या पडेना. पाहुणे झोपडीत पत्ते खेळत राहिले, आणि एका सकाळी वनरक्षकाच्या रेडिओवर निरोप आला. वनरक्षक भला माणूस. टोपी काढून तो बेलार्मिनोजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "एदेल्मिरा परवा गेली रे. काल दुपारी सगळं झालं." सगळं म्हणजे पुरणंसुद्धा. त्याच दिवशी दुपारी वारा पडला. बेलार्मिनो गावात पोचला तेव्हा मातीचा एक उंचवटा आणि त्यावर लेंगाच्या लाल फांद्या, एवढंच त्याच्यासाठी उरलं होतं.

तो तसाच एर्सिलियाच्या फाटकापाशी गेला आणि ओरडला, "एक दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?" एर्सिलिया वळली. आत गेली, दार लावून घेतलं. त्यानंतर आजवर दोघांत एक शब्द नाही. तो लांबचा रस्ता धरून धक्क्यावर जाई, कारण जवळचा रस्ता तिच्या दारावरून होता. स्मशानात तर तो पुन्हा गेलाच नाही. आपल्या बायकोला मातीत ठेवलं तेव्हा आपण नव्हतो, ही गोष्ट त्याला रोज सकाळी उठल्यावर नव्याने कळत असे, आणि दिवसभर ती त्याला पुरत असे.

एर्नापुढे बसून तो हा सगळा विचार करत होता, आणि करता करता त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. कुरांतोचा एक नियम आहे. जो माती टाकतो आणि जी पानं लावते, त्या दोघांनी खड्डा उघडेपर्यंत तिथून हलायचं नाही. मातीतून कुठे ना कुठे वाफ फुटते, तिथे लगेच नवी माती लोटावी लागते, नाहीतर आतलं कच्चं राहतं. हा झाला उपयोग. पण आमची म्हातारी माणसं म्हणतात की राखण करणारा उठून गेला तर मांस रुसतं. कारण काहीही असो, नियम मोडलेला कुणी पाहिलेला नाही. म्हणजे रविवारी एर्सिलियाला दार लावून घेता येणार नव्हतं. का थांबली नाहीस, याचं उत्तर त्याला हवं होतं. दुसरं काही नको होतं त्याला या जगात.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पेटीवाल्याला नाही म्हणा."

रविवारी सकाळी धुकं तळ्यावरून उठायच्या आत त्याने जाळ लावला. खड्ड्यात कोरडे गोल दगड, त्यावर कोइवेच्या झाडाची फोडलेली लाकडं. दगड तापून पांढुरके पडेपर्यंत जाळ मोडायचा नाही. धक्क्यावर होड्यांच्या शर्यतीची शिट्टी वाजत होती, कुणीतरी अकॉर्डियन काढलं होतं, आणि लाल-पिवळी जाकिटं घातलेले पाहुणे जाळाभोवती उभे राहून "काय सुंदर वास!" म्हणत होते. अजून खायचं काहीच नव्हतं, वास नुसता धुराचा होता. पण हौसेला मोल नसतं.

एर्सिलिया माकीच्या पानांची पोती ढकलगाडीवर घालून आली. हडकुळी, ताठ, डोक्याला काळा रुमाल. तिने बेलार्मिनोकडे पाहिलं नाही. एर्ना मध्ये उभी होती, आणि त्यापायी तिची चांगलीच पंचाईत झाली.

"तिला सांगा, दगड तापलेत," बेलार्मिनो म्हणाला.

"त्याला म्हणावं, मला डोळे आहेत," एर्सिलिया म्हणाली.

"तिला म्हणावं, डोळे आहेत तर आधी दिसलं पाहिजे होतं. निखारे काढतोय मी."

"त्याला म्हणावं, निखारे नीट काढ, मागे एकदा तुझ्या आळसाने सगळी सॉसेजं जळाली होती. एदेल्मिराने झाकून नेलं म्हणून, नाहीतर गावाने चपला मारल्या असत्या."

"अहो, मला पगार द्या दोघं मिळून," एर्ना वैतागून म्हणाली. "टेलिफोन झालाय माझा."

आजूबाजूचे हसले. त्या दोघांपैकी कुणी हसलं नाही.

निखारे निघाले. दगडांवर पानांचा पहिला थर पडला आणि सूं करून हिरवा वास उठला. एर्सिलियाचे हात झरझर चालत होते. कोकराचं मांस, कोंबडीचे तुकडे, सॉसेजं, सालीसकट बटाटे, रताळी, गाजरं, पोटात चीज भरलेले लाल भोपळे, कडेने सफरचंदं. बेलार्मिनो पाहत राहिला. भोपळे मधोमध न ठेवता तिने कडेच्या मोठ्या दगडांवर ठेवले, देठं आतल्या बाजूला करून. एदेल्मिरा तसंच ठेवायची. त्याला वाटलं, मान वर केली तर रुमालाखाली तिचाच चेहरा दिसेल. त्याने मान वर केली नाही.

वरून पुन्हा पानं, त्यावर ओली फडकी, आणि मग माती. पहिलं फावडं मातीवाल्याने टाकायचं, मग बाकीच्या पुरुषांनी हात लावायचा. बेलार्मिनोने फावडं भरलं. उचललं. आणि त्याचे हात तिथेच थांबले.

ओलं पांढरं फडकं खड्ड्यात अंथरलेलं होतं. त्याखाली काहीतरी गरम, झाकलेलं होतं. त्यावर त्याने माती टाकायची होती. इतकी वर्षं त्याने हे केलं होतं, शीळ वाजवत केलं होतं. आज त्याच्या खांद्यांना ते फावडं पेलेना. माती कडेने घरंगळू लागली.

"डॉन बेलार्मिनो, फोटोसाठी थांबलात का?" एका पाहुण्याने विचारलं. बिचाऱ्याने चांगल्या मनाने विचारलं होतं.

एर्ना काही बोलणार होती. एर्सिलियाने तिचं मनगट धरलं. "गप्प," ती म्हणाली. "त्याला वेळ लागेल."

शेवटी त्याने माती टाकली. धप्प असा आवाज झाला. मग दुसरं फावडं, तिसरं, मग बाकीचे पुरुष धावले आणि बघता बघता खड्ड्याचा उंचवटा झाला. काम झालं तशी गर्दी पांगली. तरुण पोरं लाकूडफोडीकडे गेली, पाहुणे धबधब्याकडे. एर्ना जाताना वळून दोनदा बघून गेली. उंचवट्याच्या एका बाजूला ओंडक्यावर बेलार्मिनो बसला, समोर पालथ्या टोपलीवर एर्सिलिया.

वारा नव्हता. लेंगाची पानं आपोआप गळत होती. पलीकडच्या काठावर एक नर डुरकला, तळ्यावरून आवाज येईपर्यंत अर्धा विरला होता.

"डाव्या बाजूला वाफ," एर्सिलिया म्हणाली. वर्षभरातला त्याच्याशी सरळ बोललेला पहिला शब्द तो.

त्याने उठून माती लोटली, परत बसला. आणि बसल्या बसल्या म्हणाला, "तू थांबली नाहीस."

"आलं परत तेच."

"परत कुठलं? वर्षात एकदा विचारलं, आज दुसऱ्यांदा विचारतोय. एक दिवस, एर्सिलिया. दुसऱ्या दिवशी वारा पडला. मी आलो असतो. तोंड तरी बघितलं असतं तिचं. मेलेल्या माणसाला कसली घाई होती?"

"तिलाच होती."

"काय?"

एर्सिलियाने रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "मला सांगायचं नव्हतं. शब्द दिलाय मी. पण मघाशी तुला फावडं धरून उभं राहिलेलं पाहिलं. वर गेल्यावर ती मला शिव्या घालेल, घालू दे. ऐक. शेवटच्या दिवशी सकाळी ती उशीला टेकून बसली होती. खिडकीतून तळं बघत होती. लाटा धक्क्यावर चढत होत्या. मला म्हणाली, मी गेले तर त्याला कळवायचं नाही."

"खोटं बोलतेस."

"म्हणाली, आधी मला पुरा, मग कळवा. मी मातीच्या वर असेपर्यंत त्याला कळलं तर तो होडी काढेल."

बेलार्मिनो उठून उभा राहिला. मग नियम आठवून तसाच उभा राहिला, कारण जायला जागा नव्हती.

"मी म्हटलं, वेडी आहेस का, या वाऱ्यात कोण होडी काढतो? तर हसली. तिला हसू आलं की दम लागायचा, तरी हसली. म्हणाली, तुझ्या लक्षात नाही का केक?"

केक सगळ्या गावाच्या लक्षात होता. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एदेल्मिराच्या नावाच्या संताचा दिवस होता, बेलार्मिनो पलीकडच्या गावी केक आणायला गेला आणि वारा उठला. तिथले सगळे नको नको म्हणत असताना त्याने होडी पाण्यात लोटली. या काठाला लागला तेव्हा होडी अर्धी पाण्याने भरलेली, एक वल्हं गेलेलं, आणि हा बहाद्दर केकचा डबा डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला. एदेल्मिराने धक्क्यावर सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली. मग केक कापला. आजही लग्नाकार्यात कुणीतरी ती हकिकत सांगतं आणि लोक पोट धरून हसतात.

"तुम्ही सगळे हसलात," एर्सिलिया म्हणाली. "ती घरी येऊन रात्रभर कापत होती. तुला नाही सांगितलं तिने. मला सांगितलं. त्या दिवशी सकाळी मला म्हणाली, केकसाठी जो माणूस तळ्यात उतरतो, तो माझ्यासाठी उतरणार नाही का?"

बेलार्मिनो खाली बसला.

उतरला असता. यात शंका घ्यायला जागाच नव्हती. रेडिओवर नुसतं 'एदेल्मिरा गेली' एवढं आलं असतं, तर वनरक्षकाला ढकलून त्याने होडी काढली असती, आणि त्या लाटांनी त्याला तळ्यातल्या मधल्या खडकांपर्यंतही जाऊ दिलं नसतं. पण निरोप आला तो काल सगळं झालं असा. तो ऐकून तो झोपडीच्या पायरीवर मटकन बसला होता आणि बसूनच राहिला होता. घाई करून गाठण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आपण त्या पायरीवर का बसून राहिलो, याची त्याला वर्षभर लाज वाटत होती. तिने त्याला तिथे बसवून ठेवलं होतं, हे त्याला आत्ता कळत होतं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. "फाटकापाशी आलो होतो मी. ओरडलो तुझ्यावर. अख्ख्या गावात तुला दगड म्हणत फिरलो."

"म्हणून घेतलं. तीच म्हणाली होती. म्हणाली, खरं कळलं तर तो स्वतःला खात बसेल. तुझ्यावर चिडला तर निदान जेवेल तरी. चिडला की त्याला भूक लागते." एर्सिलियाने नाक पुसलं. "आणि अगदी खरं सांगू? मलाही तुझा राग होता. तिने तुला पिटाळलं हे ठाऊक होतं, तरी होता. तू तिकडे पाहुण्यांना हरणं ऐकवत होतास आणि मी इथे तिचा हात धरून बसले होते. तो हात गार होत गेला तो माझ्या हातात. म्हटलं, भोग तूही थोडं. मग थोड्याचं वर्ष झालं. रस्त्यात दिसलास की सांगावंसं वाटायचं, पण तू रस्ताच बदललास."

धक्क्याकडून टाळ्यांचा आवाज आला, कुणीतरी शर्यत जिंकली होती.

"तिला त्रास झाला का?" त्याने विचारलं.

"नाही. दुपारी डोळे मिटले, ते मिटलेच."

"माझं काही..."

"तुझंच सगळं. ओलं लाकूड चुलीत घालू नको म्हणाली, तुला खोकला होतो. निळा स्वेटर फाटलाय तो टाकून दे म्हणाली. बायका काय बोलतात मरताना? हेच बोलतात." एर्सिलिया थांबली. "आणि एक तिने सांगितलं नव्हतं, ते मी माझ्या मनाने केलं. मूठमाती द्यायची वेळ आली तेव्हा पाद्री म्हणाला, नवरा नाही, तर थोरल्या बहिणीने आधी टाकावी. मी आधी तुझी टाकली. तुझं नाव घेऊन. मग माझी."

बेलार्मिनोने तोंडावर दोन्ही हात धरले. मोठ्या अंगाचा माणूस रडला की बघवत नाही, म्हणून असेल, एर्सिलिया तळ्याकडे बघत राहिली. पण तिने तिची टोपली उचलली आणि फिरून त्याच्या बाजूला येऊन बसली. वाफ दोनतीनदा फुटली. दर वेळी तीच उठली आणि पायाने माती सारली. मातीचं काम बाईने करायचं नसतं, पण पाहायला कुणी नव्हतं.

ऊन कलतं झालं तशी माणसं परतू लागली. हातात ताटल्या, काटे, भाकरी. पोरं मातीच्या जवळ जाऊन वास घेत होती आणि आयांचे धपाटे खात होती. पाहुण्यांची बस आज संध्याकाळीच परत निघायची होती, तिचा ड्रायव्हरसुद्धा ताटली घेऊन पुढे उभा राहिला. बाहेर येणाऱ्या वाफेला आता पानांचा वास राहिला नव्हता. मांसाचा, भोपळ्याचा, गोड सफरचंदांचा दाट वास मैदानभर पसरला होता.

अशा वेळी एदेल्मिरा गुडघ्यांवर बसायची, मातीवर तळवा ठेवायची, डोळे मिटून वास घ्यायची आणि ओरडायची, "झालं!" तिचं ते "झालं" धक्क्यापर्यंत ऐकू जायचं. तिने म्हटल्याशिवाय कुणी फावड्याला हात लावत नसे. एकदा खड्डा उघडला की पुन्हा झाकता येत नाही, म्हणून तो शब्द पानं लावणारीनेच उच्चारायचा, आणि खात्री करूनच.

एर्सिलिया गुडघ्यांवर बसली. तळवा ठेवला. वास घेतला. मग तिने बेलार्मिनोकडे पाहिलं.

"तू म्हण," ती हळूच म्हणाली.

"मी? तो शब्द तुझा आहे."

"आज तुझा."

बेलार्मिनो तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला. त्यानेही मातीवर हात ठेवला. माती उबदार होती, ओलसर होती, आणि तिच्या खाली काहीतरी हलक्या आवाजात रटरटत होतं. त्याने तोंड उघडलं. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. एका शब्दाचं काम होतं. हा शब्द उच्चारला की माणसं फावडी घेऊन येणार होती आणि राखण संपणार होती.

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही झालं."

गर्दीत चुळबुळ झाली. "अहो, वास तर बघा!" कुणीतरी म्हणालं. ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं. डोन्या एर्ना पुढे आली, वाकून म्हणाली, "एर्सिलिया, झालं असेल ना गं? बटाटे फुटतील."

बटाटे फुटायला लागलेच होते. एर्सिलियाला ते नाकाने कळत होतं, आणि भोपळ्यातलं चीज कडेने जळायला लागलं होतं तेही. बेलार्मिनो मातीवर दोन्ही तळवे ठेवून बसला होता, डोळे गळत होते आणि तो ते पुसत नव्हता.

एर्सिलिया उठली. गुडघ्यांवरची माती झटकली आणि गावाकडे तोंड करून उभी राहिली.

"नाही झालं," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "बसा सगळे खाली. आज हा म्हणेल तेव्हाच उघडायचं."

सगळ्यांत आधी एर्नाच गवतावर बसली. तिच्या मागे तिचा नवरा बसला, मग वनरक्षक, मग लाकूडफोडे, अकॉर्डियनवाला, आया आणि त्यांची पोरं. पाहुण्यांना काही कळलं नाही, पण सगळे बसले म्हणून तेही बसले. ड्रायव्हरने ताटली मांडीवर ठेवली. एर्सिलिया परत येऊन बेलार्मिनोच्या शेजारी बसली, आणि अजून किती वेळ, असं कुणीही विचारलं नाही.